श्री. ना. पेंडसे यांचं नाव कुठून सुरू होतं?

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची कार्डांवरून संगणकावर आणि तिथून वेबवर गेली, तेव्हा ‘गारंबीचा बापू’च्या लेखकाचं नाव नुसतं ‘पेंडसे’ उरलं होतं. ‘रथचक्र’चंही तेच. नोंदी उचलून नव्या यादीत भरणाऱ्या प्रोग्रॅमला नावाआधीच्या उपाध्या काढून टाकायला शिकवलं होतं : श्री., सौ., डॉ., प्रा., कै., ना. त्याने ‘श्री.’ म्हणजे श्रीयुत समजून ते उडवलं, मग ‘ना.’ म्हणजे नामदार समजून तेही उडवलं. श्रीपाद नारायण पेंडसे यांचं स्वतःचं अक्षर गेलं, वडिलांचंही गेलं. त्याच यादीत ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर ‘व्यं. केतकर’ झाले होते, श्री. म. माटे ‘म. माटे’ आणि ना. सी. फडके ‘सी. फडके’.

हे दुरुस्त करता करता मी या विषयात शिरले. ग्रंथपाल म्हणून माझी सगळी नोकरी नावांच्या संगतीत गेली आहे. आता वाचनालयाची वेबपानं सांभाळते आणि त्यातलं सर्वांत नाजूक काम मला हेच वाटतं : टिंब दिलेल्या अक्षरांचं नाव पानावर असं मांडायचं की डोळ्यांनी वाचणारा, कानांनी ऐकणारा आणि शोधयंत्र, तिघांनाही तोच माणूस भेटावा.

माणसाला हे शिकवावं लागत नाही. ‘ना. सी. फडके’ आणि ‘ना. गोखले’ यांतले दोन ‘ना.’ वेगळे आहेत हे आपल्याला वाचताक्षणी कळतं. एक नारायण, दुसरा नामदार. ‘म. वा. धोंड’मधला ‘म.’ मधुकर आणि ‘म. फुले’मधला महात्मा. ‘मा. दीनानाथ’ म्हणजे मास्टर दीनानाथ, तर ‘मा. त्रिं. पटवर्धन’ म्हणजे माधव त्रिंबक, आपले माधव जूलियन. निमंत्रणपत्रिकेवरचा ‘मा.’ आणखी तिसराच, माननीय. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘रा. रा.’ दिसलं की ते राजमान्य राजेश्री, पण ‘रा. ग. गडकरी’ म्हणजे राम गणेश. पत्त्यात ‘ता.’ आला तर तालुका, पत्राच्या माथ्यावर आला तर तारीख. आपण हे सगळं शाळा, घर, ग्रंथालय, वर्तमानपत्र यांतून उचललेलं असतं. यंत्राने यातलं काहीच उचललेलं नाही. त्याच्या दृष्टीने ते एक अक्षर आणि एक टिंब. कुठला ‘ना.’ कुठला, हे पान लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवायला हवं.

सांगून ठेवण्याची रीत म्हणजे टॅग. वेबपानावर जो मजकूर आपल्याला दिसतो, त्याच्या आजूबाजूला न दिसणाऱ्या खुणा असतात. मुद्रितशोधक समासात खुणा करतो आणि छापून आलेल्या पुस्तकात त्या दिसत नाहीत, पण अक्षर त्यांच्यामुळेच जागेवर बसतं, तसंच हे. एचटीएमएल या वेबच्या भाषेत संक्षेपासाठी ‘ॲबर’ नावाचा टॅग आहे. १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तीत तो आला. त्याच्याबरोबर ‘ॲक्रोनिम’ नावाचं भावंडही आलं होतं. दोघांतला फरक कुणालाच नीट पाळता येईना, म्हणून पाचव्या आवृत्तीत ॲक्रोनिम बाद झाला आणि ॲबर राहिला. ‘श्री.’भोवती हा टॅग घालायचा आणि त्याच्या ‘टायटल’ या रकान्यात ‘श्रीपाद’ लिहायचं. पानावर ‘श्री.’च दिसतं, माउसचा बाण वर नेला की ‘श्रीपाद’ असं छोट्या चौकटीत उमटतं.

ऐकायला हे अगदी पुरेसं वाटतं. ते पुरत नाही. मोबाइलला माउस नसतो, आणि आमची सूची बघणारे बहुतेक वाचक मोबाइलवरूनच बघतात. त्यांच्यासाठी ती चौकट कधी उघडतच नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीनरीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. त्यांतले बरेचसे टायटलमधला विस्तार आपण होऊन बोलत नाहीत. काहींत तशी सोय असते, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

आणि समजा, बोलला विस्तार. तर? आमच्याकडे नियमित येणारे एक दृष्टिहीन वाचक आहेत, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांना मी दोन्ही तऱ्हा ऐकवल्या. ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ असं ऐकल्यावर ते म्हणाले, “ताई, हे कोण? मला पुलं हवेत.” त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मराठीत ही अक्षरं नावाची काटकसर म्हणून सुरू झाली असतील, पण पुढे तीच नाव झाली. पुलं, वपु, जीए, गदिमा, गोनीदा, शन्ना. आपण त्यांना अक्षरांनी हाक मारतो, आदरार्थी अनुस्वारही त्या अक्षरांवरच चढवतो. असं नाव दर वेळी फोडून सांगणं म्हणजे घरच्या माणसाला शिधापत्रिकेवरच्या नावाने हाक मारणं. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत संक्षेपाचा विस्तार मिळण्याची सोय असावी असं म्हटलं आहे, तेही सर्वांत वरच्या श्रेणीत. सोय असावी, सक्ती नव्हे. हा भेद मी महत्त्वाचा मानते.

म्हणून आमच्या पानांवर मी असं ठरवलं : नाव जसं पुस्तकावर छापलं आहे तसंच दिसेल आणि तसंच ऐकू येईल. लेखकाचं स्वतंत्र पान उघडलं की तिथे पहिल्याच ओळीत पूर्ण नाव साध्या मजकुरात, सर्वांना दिसेल असं. आणि पानाच्या पोटात, यंत्रासाठी, नावाचे भाग सुटे करून.

या सुट्या भागांसाठी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाची शब्दसूची आहे. गूगल, याहू आणि बिंग यांनी मिळून २०११ मध्ये ती सुरू केली. माणसासाठी तिच्यात वेगवेगळे रकाने आहेत : व्यक्तीचं नाव, जादा नाव, आडनाव, नावाआधीची उपाधी, आणि ‘दुसरं नाव’. ‘श्री.’ हे व्यक्तीच्या नावाच्या रकान्यात पडलं की ते श्रीपाद, उपाधीच्या रकान्यात पडलं की श्रीयुत. पेंडशांचा प्रश्न इथेच सुटला. ‘म. म. पां. वा. काणे’ या नोंदीतले पहिले दोन ‘म.’ महामहोपाध्याय म्हणून उपाधीत गेले आणि पांडुरंग वामन आपापल्या जागी बसले.

पण हे रकाने ज्यांनी आखले, त्यांच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य नाव होतं. आपल्याकडचा मधला शब्द हा वडिलांचा. त्याला ‘जादा नाव’ म्हणायचं आणि पुढे जायचं, इतपत ठीक. खरी गाठ पडते ती पुढच्या नावांशी.

व्ही. शांताराम यांचं पूर्ण नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. म्हणजे ‘व्ही.’ हे आडनावाचं अक्षर आणि ते पुढे आलेलं. डावीकडून पहिलं अक्षर ते व्यक्तीचं, असं यंत्राला शिकवलं तर इथे ते हमखास चुकणार. आर. के. लक्ष्मण यांचा ‘आर.’ म्हणजे रासिपुरम, तमिळनाडूतलं गाव. ‘के.’ म्हणजे वडील कृष्णस्वामी. त्यांचं स्वतःचं नाव शेवटचं, लक्ष्मण, आणि आडनाव मुळात नाहीच. आमच्या सूचीत ते वर्षानुवर्षं ‘लक्ष्मण, आर. के.’ असे आडनाव असल्यासारखे लावलेले होते. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावातली तिन्ही अक्षरं घरातल्या आधीच्या पिढ्यांची, अवुल पकीर जैनुलाब्दीन. बी. रघुनाथ म्हणजे परभणीचे भगवान रघुनाथ कुलकर्णी. इथे रघुनाथ हे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी येऊन बसलं आहे. आणि विंदा करंदीकर! त्यांचं नाव गोविंद विनायक. ‘विंदा’ हे टोपणनाव, अख्खा एक शब्द. तरीही ‘विं. दा. करंदीकर’ असं टिंबं देऊन लिहिलेलं कितीतरी ठिकाणी सापडतं, आणि मग कुणीतरी ‘दा.’ म्हणजे दामोदर असावं असा अंदाज बांधतो. तिथे ॲबर टॅग लावणं म्हणजे चुकीवर शिक्कामोर्तब करणं आहे.

जी. ए. कुलकर्णी यांची गोष्ट निराळी. गुरुनाथ आबाजी यांची मराठी अक्षरं ‘गु. आ.’ झाली असती. त्यांनी इंग्रजी अक्षरं घेतली आणि ती देवनागरीत लिहिली. त्या नावाखाली ‘गु. आ. कुलकर्णी’ असं कुणी लावून ठेवलं तर एकही वाचक तिथवर पोचणार नाही.

मराठी अक्षरांच्या जागी दुसऱ्या कुणी इंग्रजी अक्षरं बसवली की मात्र मला खटकतं. पां. वा. काणे यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ मुळात इंग्रजीत आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेने पाच खंडांत प्रसिद्ध केला. त्यावरून नाव उचलणारे विद्यार्थी मराठी पानावर ‘पी. व्ही. काणे’ लिहितात. आता ‘पां. वा. काणे’ शोधणाऱ्याला ते पान मिळत नाही आणि ‘पी. व्ही.’वाल्याला आमचं. भारतरत्न मिळालेल्या माणसाची वेबवर दोन माणसं झाली आहेत.

इंग्रजीत जाताना नुकसान अधिक होतं, कारण आपलं आद्याक्षर स्वर बरोबर घेऊन येतं. व. पु. काळे, वि. वा. शिरवाडकर, वा. ल. कुलकर्णी, व्यं. मा. म्हणून कुणी असतील ते, हे चार निरनिराळे ‘व’ इंग्रजीत गेले की सगळे ‘व्ही’. परत मराठीत आणताना कुठला ‘व्ही’ कुठे फोडायचा? भाषेचा घोळ आवाजातही होतो, म्हणून पान कुठल्या भाषेत आहे हे सांगणारा ‘लँग’ नावाचा रकाना भरायला हवा. तयार साचा घेऊन केलेल्या कितीतरी मराठी पानांत तो ‘इंग्रजी’ असाच राहून गेलेला असतो. मग इंग्रजी आवाज देवनागरीवर चालतो आणि काही आवाज तर ती अक्षरं सरळ गाळून पुढे जातात. एका शब्दाची दुरुस्ती, पण ऐकणाऱ्याला अख्खं नाव मिळतं.

आता अक्षराचीच गोष्ट. ‘चिं. त्र्यं. खानोलकर’ हे नाव मी प्रत्येक नव्या प्रोग्रॅमला परीक्षेसाठी देते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांना संकेतांक देणाऱ्या व्यवस्थेत, ‘चिं’साठी तीन संकेत लागतात : च, वेलांटी, अनुस्वार. ‘त्र्यं’साठी सहा : त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार. पूर्ण नावावरून आद्याक्षरं काढणारा प्रोग्रॅम पहिला संकेत उचलतो आणि चिंतामण त्र्यंबक यांचे ‘च. त.’ होतात. नावापुढच्या गोल चौकटीत एक अक्षर दाखवायची फॅशन आहे, तिथेही श्रीपादचा ‘श’ आणि त्र्यंबकचा ‘त’ दिसतो. मराठी माणूस त्र्यंबकचं आद्याक्षर ‘त’ असं कधीही लिहिणार नाही. त्र्यं. शं. शेजवलकर यांना ‘त. श.’ केलं तर इतिहासाचा विद्यार्थीसुद्धा ओळखणार नाही. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडच्या अक्षरगट ठरवणाऱ्या नियमांत देवनागरीसाठी आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याआधीच्या नियमाने ‘त्र्यं’चे त्, र् आणि यं असे तीन तुकडे पडत. नियम आला म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांत उतरला असं नाही. म्हणून माझा आग्रह असतो की आद्याक्षरं यंत्राला काढू देऊ नयेत. ती टंकून द्यावीत आणि पूर्ण नाव वेगळं द्यावं.

टिंबाने आणखी एक घोटाळा होतो आणि तो मराठीला विशेष जाचतो. हिंदीत वाक्य दंडाने संपतं. संक्षेपासाठी देवनागरीत छोट्या पोकळ वर्तुळाचं वेगळं चिन्हही आहे, युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा आहे. आपण मात्र वाक्यही टिंबाने संपवतो आणि अक्षरही. त्यामुळे मजकुराची वाक्यं पाडणारं यंत्र ‘ग. दि. माडगूळकर यांनी गीतरामायण लिहिलं’ याची तीन वाक्यं करतं : ‘ग.’ हे एक, ‘दि.’ हे दुसरं. आवाज दोन्ही ठिकाणी वाक्य संपल्यासारखा खाली उतरतो आणि थांबतो. ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. संपूर्ण नावाभोवती एक टॅग घातला की निदान हे एक नाव आहे एवढी खूण तरी राहते. त्या खुणेचा उपयोग आज प्रत्येक आवाज करत नाही, पण खूणच नसेल तर उद्याचा आवाजही करू शकणार नाही.

नावातली मोकळी जागा तर कुणी विचारातच घेत नाही. पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे, पु.ल.देशपांडे, पु ल देशपांडे, पुलं. वाचकाला ही सगळी एकच, शोधयंत्राला वेगवेगळ्या अक्षरमाळा. एक रूप दाखवण्यासाठी निवडायचं आणि बाकीची ‘दुसरं नाव’ या रकान्यात भरायची, म्हणजे वाचकाने कसंही टंकलं तरी पुस्तक सापडतं. शिवाय साधी मोकळी जागा ठेवली तर अरुंद पडद्यावर ‘पु.’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘ल. देशपांडे’ पुढच्या ओळीत जातं. यासाठी न तुटणारी मोकळी जागा मिळते. दिसायला तशीच, पण तिथे ओळ मोडत नाही. अक्षरांच्या मधे ती घालायला क्षणभर लागतो. छापखान्यात खिळे जुळवणारे चांगले कारागीर नाव असं ओळीच्या काठावर मोडू देत नसत, आपणही देऊ नये.

‘दुसरं नाव’ या रकान्याची खरी किंमत मला दोन ज्ञानपीठ विजेत्यांच्या नोंदी करताना कळली. वि. स. खांडेकर जन्मले तेव्हा गणेश आत्माराम होते. दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले. वि. वा. शिरवाडकर जन्मले ते गजानन रंगनाथ म्हणून. तेही दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. ज्या अक्षरांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ती दोघांनाही दत्तकविधानाने मिळालेली. यांतलं खरं नाव कुठलं, असा वाद मी घालत नाही. पुस्तकावरचं नाव वर, जन्मनाव ‘दुसरं नाव’ म्हणून, आणि शिरवाडकरांच्या बाबतीत ‘कुसुमाग्रज’ही तिथेच. कुणालाही खोडायचं नाही.

स्त्रियांची नावं या यादीत आद्याक्षरांनी जवळजवळ येतच नाहीत. दुर्गा भागवत, इंदिरा संत, इरावती कर्वे. पूर्ण नाव आणि आडनाव. त्यांचा गुंता वेगळा. पुरुषाच्या नावातलं मधलं अक्षर एरवी जन्मभर वडिलांचं राहतं, बाईचं लग्नानंतर बहुतेकदा नवऱ्याचं होतं. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. तिन्ही नावांनी विचारणारे वाचक येतात आणि तिन्ही एका माणसाशी बांधलेली असली तरच त्यांना एकच शेल्फ दाखवता येतं. जुन्या नियतकालिकांतल्या लेखिकांच्या नावाखाली ‘सौ.’ आणि नवऱ्याचं नाव एवढंच असतं तेव्हा मी जीव तोडून शोधते. माहेरचं नाव मिळालं की त्या दिवसाचं काम सार्थकी लागलं असं वाटतं.

आणि जिथे विस्तार माहीतच नाही? जुन्या मासिकांत असे शेकडो लेखक आहेत. साहित्यिक मजकूर टॅगांनी मांडण्याची ‘टीईआय’ नावाची एक पद्धत आहे, १९८७ पासून अभ्यासकांनी घडवत आणलेली. तिच्यात नावाच्या भागावर ‘हे केवळ आद्याक्षर आहे’ अशी खूण करता येते. विस्तार द्यावाच लागत नाही. मला ही खूण फार प्रामाणिक वाटते. ‘वि.’ दिसला की विष्णू, विनायक, विश्वनाथ, विठ्ठल यांतला जो सवयीचा तो लिहून मोकळं होण्याचा मोह प्रत्येक सूचीकाराला होतो. वि. का. राजवाडे विश्वनाथ, वि. दा. सावरकर विनायक, वि. भि. कोलते विष्णू. पुढचा कोण, ते पुरावा बघितल्याशिवाय सांगता येत नाही. अंदाजाने लिहिलेला एक ‘विनायक’ वेबवर गेला की दहा पानं तो उतरवून घेतात आणि मग तीच दहा पानं पुरावा म्हणून दाखवली जातात.

हयात लेखकांच्या बाबतीत आता आम्ही विचारूनच नोंद करतो. पुस्तक भेट द्यायला किंवा कार्यक्रमाला आलेल्या लेखकाला एक कागद देतो. त्यावर चार प्रश्न आहेत. पुस्तकावर नाव कसं छापता? पूर्ण नाव काय, आणि ते पानावर दिसलेलं चालेल का? आधी कुठल्या नावाने लिहीत होता? नाव मोठ्याने वाचताना अक्षरं म्हणायची की पूर्ण शब्द? शेवटच्या प्रश्नाला सर्वांत लांब उत्तरं येतात.